पैशाचं कार्ड

लिहा मास्तर, आधी तिचं नाव घाला : आंबी.
गाव रोह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराशी.
तिथं गुरव वाचून दाखवतो. अक्षर मोठं काढा,
त्याचा एक डोळा देवीत गेला.

लिहा, धरमतरच्या खाडीवर सगळी खुशाल.
लिहा की बांध उभा राहिला.
चौदा घरं, तीन उन्हाळे,
कमरेएवढ्या चिखलात, पाट्या डोक्यावरून डोक्यावर.
उघाडीला सागाची झडप बसवली;
भरती आली की आपसूक मिटते,
ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडते.
हे नीट लिहा, तिला असलं ऐकायला आवडतं.
साहेब साखळी घेऊन आला होता.
खार मोजली, दहा वर्षं सारा माफ केला,
कागदावर पोशाचं नाव चढलं.
हे लिहाच, पोशानं बजावलंय.

गोडं पाणी दीड कोसावर. हे नको.
‘पाणी आहे’ एवढंच.
पीक विचारेल. पहिल्या साली रोप वीतभर आलं
आणि आठवड्यात पांढरं पडलं, पोळल्यासारखं.
औंदा राता तरला, तीन मण भरला.
लिहा की पेजेला वरून मीठ घालावं लागत नाही.
ती हसेल. हसू दे.

हशा आता बापाच्या खांद्याला लागतो.
उधाणाच्या रात्री दोघं बांधावर,
कंदील धरून चिंबोऱ्यांची बिळं बुजवतात.
एक बीळ राहिलं तर सकाळी खार खाडीची.
मी घरात जागी असते, झडप ऐकत.
मिटली, की कुणी दाराला कडी घातल्यासारखं वाटतं,
आपण आत आहोत असं.

नामीचं...
थांबा. टाक उचला.

नामी आषाढात गेली, तापानं. चौथं लागलं होतं.
चारी अंगांनी पाणी, उघडी जमीन
फक्त बांधाची. तिथंच ठेवली तिला,
उघाडीपासून अकरा पावलांवर.
हे लिहिलंत तर गुरव मोठ्यानं वाचणार
आणि डोंगरातलं गाव म्हणणार,
ठकीनं पोर बांधाला दिली, म्हणून बांध टिकला.
तुम्हीसुद्धा आत्ता माझ्याकडे तसंच बघताय.
ताप होता, मास्तर. तीन दिवस ताप होता.
दर उन्हाळी बांधावर नवा चिखल घालतात
तेव्हा पोशा पहिली पाटी तिथं ओततो.
काही बोलत नाही. मीही विचारत नाही.
लिहा, नामी बोलायला लागली... नको.
नामीचं काहीच नका लिहू.

धाकटा झाला, हे लिहा. बाळंतपण सुखरूप.
कुणी केलं ते नको. इथं सुईण कुठली,
कातकऱ्यांची बुधी आली होती.
नाळ कापली, हात धुतले, दाराशी बसली.
म्हणाली, तुझी चूल आहे ना,
तिथं माझी आई निवट्या धरायची,
तिवरांच्या मुळांत हात घालून.
रागानं नाही म्हणाली. वाटसराला
वाट सांगावी तशी.
मी पेज दिली. प्याली, वाडगं उपडं ठेवलं,
आणि बांधावरून नाही, बांधाच्या बाहेरून
चिखलातून गेली.

कितीशी जागा उरली? दोन बोटं?
मग लिहा, शेवग्याचं बी पाठव.
इथं धरत नाही, तरी पाठव.
आणि मास्तर, तुम्ही माझं बोलणं सरळ करता,
‘कळावे’, ‘असो’, ‘लोभ असावा’.
ती म्हणेल, ही कोण बाई पत्र घालते मला.
एक शब्द आमचा राहू द्या कुठंतरी. ‘आंबे गो’ लिहा.
‘गो’ खोडू नका.

झालं? द्या इकडं.
शाई ओली आहे.
फुंकर मी मारते.